आखणी

पेणच्या एका आळीत काकांचा गणपतीचा कारखाना होता. साच्यातून मूर्ती काढणारे, घासकाम करणारे, रंग देणारे हात पुष्कळ होते. पण डोळ्यांची आखणी काका स्वतः करत. म्हणत, "आखणी होईपर्यंत ती माती. डोळे उघडले की देव."

पुतणी कॉलेजातून आली की मूर्तींचे दागिने रंगवायची आणि रात्री वहीत लिहीत बसायची. माघी गणपतीसाठी तिने लिहिलेलं नाटक मंडळाला आवडलं, तालमी सुरू झाल्या. पण पत्रिका छापून आली, तेव्हा लेखक म्हणून दिग्दर्शकाचं नाव होतं.

"पोरीचं नाव घातलं तर लोक हसण्यावारी नेतील," बैठकीत चिटणीस म्हणाला. काका मंडळाचे जुने सभासद; पण ते सतरंजीकडे बघत बसून राहिले. घरी आल्यावर मात्र त्यांनी तिची पाठ थोपटली. "झकास लिहिलंयस गो. तूच लिहिलंस, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

ती काहीच बोलली नाही. वही मात्र माळ्यावर गेली.

रविवारी दोघं पापडांचं पुडकं घेऊन आत्याकडे निघाले, दिवा-रोहा गाडीने. आत्या निवृत्त शिक्षिका, घर रोह्याला, कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर. चहा होईपर्यंत तिला सारं कळलं. ती रागावली नाही. पापड भाजता भाजता म्हणाली, "दादा, तुला हिराबाई पेडणेकर माहीत आहेत?"

काकांनी मान हलवली.

"सावंतवाडीच्या. कलावंतिणीच्या घरात जन्मल्या, मुंबईत गिरगावात वाढल्या. गाणं शिकल्या ते भास्करबुवा बखल्यांकडे. विशीही उलटली नव्हती, तेव्हा 1904 साली 'जयद्रथ विडंबन' लिहिलं. त्या काळी रंगभूमीवर बायकांची कामंसुद्धा पुरुष करायचे, तिथे बाई नाटक लिहिते म्हणजे काय! श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, मामा वरेरकर अशा मोठमोठ्या लेखकांशी त्यांचा स्नेह होता. घरी बैठकी रंगायच्या, गाण्याला दाद मिळायची, बुद्धीचं कौतुक व्हायचं."

"मग?"

"मग मंडळी जिने उतरून आपापल्या घरी जायची. बाहेरच्या जगात हिराबाई 'त्या घरातल्या'च राहिल्या. तरी बाई खचली नाही. दुसरं नाटक लिहिलं, 'संगीत दामिनी'. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने 1912 साली ते रंगमंचावर आणलं. पण पुढे त्यांनी मुंबई सोडली, गुहागरजवळ पालशेतला नेन्यांच्या घरी संसार मांडला, आणि नाटक मागे पडलं. 1951 मध्ये तिथेच गेल्या. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' लिहिलं, तेव्हा त्यांना जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती."

पापड जळाल्याचा वास आला. आत्याने तो बाजूला काढला.

"आणि दुसरी बाई ऐक, अमेरिकेतली. मर्सी ओटिस वॉरन. इंग्रजांची सत्ता असताना त्यांच्या गव्हर्नराची टर उडवणारी नाटकं तिने लिहिली, तीही नाव न घालता. 'द ग्रुप' नावाचं 1775 चं तिचं नाटक पुढे लोक भलत्याच माणसाच्या नावावर खपवू लागले. तेव्हा ती ऐंशी ओलांडलेली. तिने जुन्या स्नेह्याला कळवलं. तो कोण? जॉन अ‍ॅडम्स, देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष! तोही म्हातारा. पण 1814 साली तो बोस्टनच्या ग्रंथालयात गेला आणि तिथल्या प्रतीवर लेखिका म्हणून तिचं नाव लिहून आला. त्याच वर्षी ती वारली, पण नाटक तिच्या नावावर राहिलं."

काका कपातल्या चहाकडे बघत होते. चहा केव्हाच निवला होता.

"दादा," आत्या म्हणाली, "ठाऊक त्यालाही होतं आणि ठाऊक तुलाही आहे. तो उठून गेला, एवढाच फरक."

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर बघत राहिले. पेण आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "माळ्यावरची वही खाली काढ."

नाटकाच्या रात्री तिसरी घंटा झाली, आणि पडदा उघडायच्या आत काका रंगमंचावर चढले. आयुष्यात कधी माइक हातात धरलेला नव्हता. हात थरथरत होता. "मंडळी, पत्रिकेत चूक झाली आहे," ते म्हणाले. "हे नाटक माझ्या पुतणीने लिहिलंय. बैठकीत मी गप्प बसलो, ती चूक माझी." मग त्यांनी तिचं नाव घेतलं, आडनावासकट. क्षणभर मांडवात शांतता पसरली. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि चिटणिसालाही वाजवावी लागली.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे कारखान्यात बसले होते. पुतणीने विचारलं, "काका, काल भीती वाटली?"

"वाटली," ते ब्रश पाण्यात बुडवत म्हणाले. "आखणी करतानाही वाटते. पण म्हणून डोळे न उघडता मूर्ती कारखान्याबाहेर पाठवतो का आपण?"

तात्पर्य : घरात थोपटलेली पाठ घरातच राहते. ज्याचं काम त्याचं नाव चारचौघांत घ्यावं, आणि तो समोर असतानाच घ्यावं.