उसन्या सुरांचें ऋण

परवां माझ्या पुतण्यानें मला विचारलें, "काका, दोन गाणीं एकांत एक गुंफून 'मॅशअप' करावयाचा आहे, तर कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें?" प्रश्न बाजारांतला वाटला, म्हणून मी किंमतींविषयीं बोलूं लागलों. परंतु बोलतां बोलतां ध्यानांत आलें कीं, कोणते श्रम आपण स्वतःकडे ठेवावे व कोणते यंत्राच्या स्वाधीन करावे, याचीच ही निवड होय.

समजा, एका गाण्याचे मिनिटास ९६ ठोके आहेत व दुसऱ्याचे १२०. पहिलें नुसतेंच सव्वापट वेगानें वाजविलें तर लय जुळते. पण त्याचा षड्ज शुद्ध गांधारावर जाऊन बसतो व गाणाराचा कंठ ओळखूं येईनासा होतो. २००१ सालीं बाहेर पडलेलें 'एबलटन लाइव्ह' किंवा फुकट मिळणारें 'ऑडॅसिटी' यांत स्वर न ढळवितां लय बदलतां येते. २०१९ सालीं 'डीझर' कंपनीनें सर्वांस खुलें केलेलें 'स्प्लीटर' तर तयार ध्वनिमुद्रणांतून आवाज व साथ निरनिराळीं काढून देतें. कांहीं साधनें कोणतें गाणें कोणाशीं जमेल हेंहि सुचवितात. येथें मात्र थबकावें. पत्रिका जुळली म्हणजे संसार सुखाचा होतोच असें नाहीं. गणित यंत्रानें खुशाल करावें. हीं दोन गाणीं एकमेकांस शोभतात काय, हें कानानेंच ठरवावें लागतें.

२००४ सालीं अमेरिकेंत ब्रायन बर्टन ऊर्फ डेंजर माउस यानें जे-झीच्या 'ब्लॅक अल्बम'मधील आवाज घेतला, आणि बीटल्सच्या १९६८ च्या, 'व्हाइट अल्बम' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संग्रहांतील ध्वनींचे बारीक तुकडे करून त्याची साथ रचली. तोच 'ग्रे अल्बम'. त्याचें साधन 'अ‍ॅसिड प्रो' कोणासहि विकत मिळण्याजोगें होतें. कान मात्र त्याचा होता. तरीहि ईएमआय कंपनीनें वितरण थांबविण्यास सांगितलें, कारण बीटल्सच्या मुद्रणासाठीं परवानगी घेतलेली नव्हती. कौशल्य मोठें म्हणून ऋण फिटत नाहीं.

आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश असे. उसनवारी लपविण्याची त्या कवींस गरज भासत नसे. नुसत्या निर्देशानें परवानगीचें काम होत नाहीं, हें खरें. परंतु ज्यास ऋण कबूल करण्याचीच लाज वाटते, तो परवानगी मागावयास कशाला जाईल?

अखेर पुतण्यास मीं सांगितलें, "फुकटचें साधन घे, आणि पहिला सांधा यंत्राच्या सूचनेवांचून स्वतः जुळवून पाहा. गाणें झालें म्हणजे माथ्यावर आधीं मूळ गायकांचीं नांवें लिही, मग तुझें. आणि जगापुढें नेण्यापूर्वीं हक्कदारांस विचार."

तो हंसून म्हणाला, "आणि नाहींच दिली त्यांनीं परवानगी, तर?"

"तर घरांतच वाजव. आम्ही ऐकूं."