चालक विकतो काय?

जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, "मौलाना, मोटार शर्यतीतले चालक कोट्यवधी कमावतात. ती कमाई हलाल म्हणायची का?"

प्रेषित (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. बक्षीस तिऱ्हाईताने दिले तर ते वैध, पण स्पर्धकांनी आपापला पैसा डावावर लावला तर तो जुगार, असे फिकहशास्त्रज्ञ सांगतात. चालकाला वेतन संघ देतो, त्यामुळे जुगाराची शंका उरत नाही. (त्या वेतनात मद्याच्या, आणि पूर्वी तंबाखूच्याही, जाहिरातींचा पैसा मिसळलेला, हे मात्र विसरता येत नाही.) माझे मन अडले ते दुसरीकडे. हा माणूस विकतो काय, कौशल्य की जीव? जीव तर अल्लाहची अमानत. जे आपले नाही त्याचा सौदा कसा करावा? पण कोकणातला दालदी मच्छीमारही वादळाची जोखीम पत्करून समुद्रावर जातो आणि त्याच्या रोजीला कोणी बोट लावत नाही. मग रेषा कोठे ओढायची?

मला ऑस्ट्रियाचा निकी लाउडा आठवला. घर श्रीमंत, पण शर्यतीला घरच्यांचा विरोध. 1972 च्या हंगामात संघात जागा मिळावी म्हणून त्याने बँकेचे कर्ज काढले; तारण होते स्वतःच्याच जीवनविम्याचे. म्हणजे आरंभीच जीव गहाण! 1 ऑगस्ट 1976 रोजी जर्मनीत नुर्बर्गरिंगला त्याची गाडी पेटली. चेहरा भाजला, फुप्फुसे होरपळली. सहा आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला. पुढे भाजल्याच्या खुणा झाकणारी त्याची लाल टोपीसुद्धा जाहिरातदारांनी विकत घेतली. यात हराम काय ते मला दाखवता येणार नाही, तरी मन थबकते खरे.

त्या तरुणाला मी सांगितले ते त्याच वर्षीच्या 24 ऑक्टोबरचे. जपानमध्ये फूजीच्या मैदानावर हंगामाची अखेरची शर्यत होती. लाउडा तीन गुणांनी पुढे होता. मुसळधार पाऊस, समोरचे काही दिसेना. दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी आत आणली आणि तो उतरला. जगज्जेतेपद जेम्स हंटकडे गेले, अवघ्या एका गुणाने. जीवनविमा तारण ठेवणाऱ्या त्याच माणसाने त्या दिवशी जिवाची किंमत लावायचे नाकारले.

फेरारीचे अभियंता माउरो फोर्गिएरी यांनी त्याला सुचवले की, इंजिनात बिघाड झाला असे आपण जाहीर करू. त्यात वेतन राहिले असते, अब्रूही राहिली असती. लाउडा नको म्हणाला. गाडीत काही दोष नव्हता, आपणच थांबलो, असे त्याने सांगितले.