पुन्हा मोजणं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी पावणेसातला शाळेची व्हॅन थांबते. दार ओढून घेण्याआधी काका मान आत घालतात आणि मुलं मोजतात. ओठ हलतात, बोट एकेका डोक्यावरून पुढे सरकतं. परवा एक मूल कमी भरलं. आतून कुणीतरी ओरडलं, "काका, तिला ताप आलाय." तरी काकांनी फोन काढला, तिच्या आईला विचारलं आणि मगच गाडी सुरू केली. मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. काकांनी वळूनही पाहिलं नाही. मला त्या क्षणी चिबोक आठवलं.

चिबोक हे नायजेरियाच्या बोर्नो राज्यातलं छोटं गाव. 14 एप्रिल 2014च्या रात्री तिथल्या मुलींच्या सरकारी शाळेतून बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी 276 मुली ट्रकमध्ये भरून नेल्या. परीक्षा होती, म्हणून मुली वसतिगृहात आल्या होत्या. 57 जणी निसटल्या. काहींनी तर चालत्या ट्रकमधून उड्या टाकल्या. दोन दिवसांनी लष्कराने जाहीर केलं की आठ सोडून बाकी सगळ्या सुटल्या. ते खरं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते विधान मागे घ्यावं लागलं. त्या एका दिवसात तिथल्या आयांच्या मनाचं काय झालं असेल! राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांना देशापुढे येऊन या मुलींबद्दल बोलायला जवळजवळ तीन आठवडे लागले. ज्यांनी मोजायचं, ते मोजायला विसरले. गावातले बाप मात्र मोटारसायकली काढून सांबिसाच्या जंगलाच्या दिशेने माग काढत गेले. हाताशी धड शस्त्रही नव्हतं. घरी आयांनी मुलींच्या वह्या आणि गणवेश जपून ठेवले.

त्याच महिन्याच्या अखेरीस राजधानी अबुजात काही माणसं रस्त्यावर उतरली. माजी शिक्षणमंत्री ओबी एझेक्वेसिली त्यांच्यात पुढे होत्या. लाल कपडे घालून ही माणसं युनिटी फाउंटनपाशी रोज जमू लागली. आमच्या मुली परत आणा, एवढंच मागणं. मे महिन्यात ते जगभर पोचलं, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा यांनीही हे मागणं लिहिलेला फलक हाती धरला. मग जगाचं लक्ष दुसरीकडे गेलं. फाउंटनपाशी गर्दी विरळ झाली. एकदा या लोकांवर हल्ला झाला, त्यांच्या खुर्च्या मोडल्या. तरी काही जण येत राहिले, आज कितवा दिवस ते मोजत राहिले. जानेवारी 2017मध्ये हजारावा दिवस आला, तेव्हाही ते मोजत होते. त्याच्या थोडं आधी 21 मुली सुटल्या होत्या, 2017च्या मे महिन्यात आणखी 82 सुटल्या. दहा वर्षं उलटली तेव्हाही 80हून अधिक मुलींचा पत्ता नव्हता. मधल्या काळात सरकार बदललं, पण शाळा सुरक्षित झाल्या नाहीत. नायजेरियातच 2018मध्ये दापचीत 110 मुली, 2020मध्ये कनकारात 300हून अधिक मुलगे, नोव्हेंबर 2025मध्ये पापिरीत पुन्हा 300हून अधिक मुलं शाळेतून पळवली गेली. दर वेळी नवा आकडा आला आणि जुना त्याखाली दबला.

माणसं मुळात निर्दय नसतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा जीव कळवळतो, हे मी नेहमी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी आपण थकतो, तिसऱ्या दिवशी वाटतं की आपल्या हातात काय आहे? निष्काळजी सत्तेला हा तिसरा दिवसच हवा असतो. म्हणून आज एवढंच करून पाहू या. गेल्या महिन्यात ज्या बातमीने घास अडकला होता, ती शोधून पुढे काय झालं ते वाचू या. शेजारच्या आजींना आपण परवा विचारलं होतं, तरी आज पुन्हा विचारू या, "आज कसं वाटतंय?" मुलांच्या शाळेच्या पालकसभेत मागच्या वेळी फाटकाच्या कुलपाबद्दल बोलणं झालं असेल, तर या वेळी कुलूप लागलं का ते विचारू या. दुसऱ्यांदा विचारताना जरा संकोच वाटतो, मलाही वाटतो. पण ज्याला विचारतो, त्याला कळतं की आपली आठवण कुणीतरी ठेवली आहे.

आज सकाळी ती तापातून उठलेली मुलगी आली. स्वेटर घालून, आईचं बोट धरून. ती आत बसली, आणि काकांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.