रात्री दोनची चर्चा

२ एप्रिल २०२५. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये दुपारचा दीड वाजला होता आणि जेवणाच्या सुट्टीत मी लोकसभेचं थेट प्रक्षेपण पाहत होतो. दिल्लीत तारीख उलटून रात्रीचे दोन झाले होते. वक्फ दुरुस्ती विधेयक २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झालं आणि लगोलग मणिपूरच्या राष्ट्रपती राजवटीचा ठराव पुकारला गेला. अडीचशेहून अधिक माणसं जिथे हिंसाचारात मारली गेली, त्या राज्यावर सुमारे चाळीस मिनिटं बोलणं झालं आणि ठराव संमत झाला. मला जेवण गेलं नाही.

लोकसभेचं कामकाज एरवी संध्याकाळी सहाला संपतं. पुढे चालवायचं तर अध्यक्ष सभागृहाची संमती घेतात. ही पद्धत मला मोलाची वाटते, कारण वेळ न देणं हेही विधेयक मारायचं हत्यार असतं. १९५१च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाची जेमतेम चार कलमं संमत झाली आणि बिल बाजूला पडलं. डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे ही जखम होती. तेव्हा कुणी आणखी बसायला तयार असतं तर, असं आजही वाटतं.

पण ऐकून घेण्यासाठी बसणं वेगळं आणि उरकण्यासाठी बसणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात एका चर्चेला दिलेला वेळ पुढच्या विषयाच्या वाट्यातून कापलेला असतो.

आमच्या फ्रीमाँटमध्येही हे दिसलं. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सार्वजनिक जागेत तंबू ठोकून राहायला बंदी घालणारा स्थानिक कायदा नगर परिषदेपुढे होता. त्यात एक कलम असंही होतं की अशा वस्तीला मदत करणाऱ्यालाही हजार डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल. बेघरांना जेवण पोचवणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. नागरिक तासन्‌तास बोलले आणि शेवटी ६ विरुद्ध १ मतांनी कायदा संमत झाला. ज्याला पहाटे कामावर जायचंय, जिची लेकरं घरी आहेत, ती माणसं अशा बैठकीत शेवटपर्यंत थांबू शकत नाहीत. ज्या तंबूंबद्दल बोलणं चाललेलं असतं, त्यांत राहणारी तर नाहीतच. उशिरापर्यंत बसणं सगळ्यांना सारखं परवडत नाही, आणि वेळ वाढवताना हे कुणी मोजत नाही.

पुढे देशभर टीका झाली आणि मार्चमध्ये परिषदेने ते मदतीचं कलम काढून टाकलं. फेब्रुवारीच्या त्या लांबलेल्या बैठकीला जे जमलं नाही, ते पाच आठवड्यांनी, वेगळ्या बैठकीत जमलं. कॅलिफोर्नियाच्या १९५३च्या ब्राउन कायद्यात बैठक तहकूब करून पुढच्या तारखेला घेण्याची सोय आहे. दारावर तशी सूचना लावली की झालं. इतकी साधी गोष्ट.

मणिपूरच्या ठरावालाही थांबता आलं असतं. तिथे राष्ट्रपती राजवट १३ फेब्रुवारीला लागली होती. दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांची मान्यता हवी, म्हणजे हाताशी १३ एप्रिलपर्यंत अवधी होता. अधिवेशन ४ एप्रिलला संपणार होतं. तास वाढवणाऱ्यांना दिवसही वाढवता आला असता, आणि इंफाळच्या माणसाला आपल्यावरची चर्चा सकाळी अकरा वाजता, जागेपणी ऐकता आली असती.