कल्हईतलं शिसं

धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष, पायथ्याला गाव, आणि गावाची ओळख म्हणजे तांब्या-पितळेची भांडी. गेल्या उन्हाळ्यात आईसोबत आजीचं पितळी पातेलं मोडीत द्यायला मी तिथे गेलो होतो. तांबटाने पातेलं उलटं केलं, बुडावर बोटाच्या पेराने वाजवलं, काट्यावर ठेवून वजन सांगितलं. मग आत डोकावला आणि थांबला. वहीतलं एक कोरं पान फाडून त्याने ते आतल्या कल्हईवर जोराने घासलं. कागदावर शिसपेन्सिलीने ओढावी तशी करडी रेघ उमटली.

"शिसं शे यामा," तो म्हणाला. "निसतं कथील आसं उतरत नही."

स्टीलची भांडी घरात आली त्यानंतर त्या पातेल्याला कल्हई झालेली नाही. म्हणजे ही शेवटची कल्हई चाळीसेक वर्षांपूर्वीची. ती होताना मी बहुधा समोर उभा होतो. कल्हईवाला गल्लीत आला की आम्ही पोरं त्याच्या भात्याभोवती कोंडाळं करायचो. भांडं तापून लालसर व्हायचं, तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर नाकात झोंबायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो हात फिरवायचा आणि काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं उजळायचं. त्या एका क्षणासाठी आम्ही तासभर उभे राहायचो. आमच्या डोळ्यांसमोर, भर दिवसा, त्या चकाकीत शिसं मिसळलेलं होतं.

कल्हई कशासाठी करायची हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. पितळेच्या उघड्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं. जीभ लगेच सांगते, अन्न हिरवट पडतं, माणूस ते टाकून देतो. कथलाचा पातळ थर मध्ये आला की हे होत नाही. पण कथील महाग, शिसं त्याच्या कितीतरी पटींनी स्वस्त. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ला, आणि दोन्ही नेमक्या प्रमाणात मिसळली तर मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होतं. म्हणजे माल स्वस्त, कोळसा कमी, हातही भराभर फिरतो. आणि शिसं कळकत नाही. आंबटात उतरलेल्या शिशाची चव असलीच तर गोडसर असते. पितळेची तक्रार जीभ करते, शिशाची तक्रार करणारं शरीरात कोणीच नाही. ते हाडांत साठतं, तिथे कित्येक वर्षं राहतं आणि बाई गरोदर असली की तिच्या हाडांतून रक्तात येऊन पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. लहान मुलाच्या मेंदूला त्याने इजा होते. शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगू शकत नाही.

आमच्या घरात त्याने कोणाचं काय झालं, काही झालं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. माझी आत्या शाळेत मागे पडायची, ती 'मठ्ठ' आहे असं सगळे म्हणायचे. त्याचा या पातेल्याशी संबंध जोडायला माझ्याकडे कसलाही आधार नाही. तसा तो नाही म्हणायलाही नाही. सोनगीरहून परतल्यापासून मी याच जागी अडकलो आहे.

फसवणुकीचं पुढे काय होतं, या प्रश्नाला आजीकडे एक उत्तर होतं: पापाला वाचा फुटते. आज ना उद्या उघड होतंच. लहानपणी मला ते पटायचं, कारण आमच्या लबाड्या संध्याकाळपर्यंत उघड व्हायच्याच. राज्य चालवणाऱ्यांची मात्र एवढी भाबडी समजूत कधी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनार ग्राहकाचा धातू कसा लांबवतो याच्या पाच वाटा सांगितल्या आहेत, तराजूच्या लबाडीपासून वर चांगला पत्रा चढवून आत हीण कोंबण्यापर्यंत. अधिकाऱ्यांच्या अफरातफरीच्या चाळीस तऱ्हाही त्याने मोजल्या. पण त्याच ग्रंथात तो हेही कबूल करतो, की पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसं कळत नाही, तसं सरकारी माणूस पैसा केव्हा खातो हेही कळत नाही. दंडाची एवढी मोठी यादी करणाऱ्याला ठाऊक होतं, की दंड फक्त सापडलेल्यालाच होतो.

न सापडलेल्याचं काय, हा प्रश्न ग्रीसमध्ये प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये येतो. गायजीसच्या गोष्टीतल्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी मिळते. अशी अंगठी बोटात असताना माणसाने सरळ का वागावं? आपल्याकडे त्यावर चित्रगुप्त होता, न झोपणारा कारकून. सोनगीरपासून जवळच, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२च्या फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी गीतेवर रविवारची प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत कर्माला जोडल्या जाणाऱ्या मनाचा, विकर्माचा विचार येतो. हात काय करतो एवढ्यावर भागत नाही, हाताबरोबर मन काय करतं ते पाहायचं. कॉलेजात ते वाचलं तेव्हा मला वाटलं, उत्तर सापडलं. फसवणारा सापडो न सापडो, आतून तो फाटतो. शिक्षा बाहेरून येण्याची वाट पाहायची गरज नाही.

हा विचार मला अजूनही खोटा वाटत नाही. पण त्यातही आपण फसवणाऱ्याकडेच टक लावून बसतो. त्याला शिक्षा होईल का, त्याला झोप लागते का, तो वर जाऊन काय सांगेल. आजीपासून प्लेटोपर्यंत सगळ्यांची नजर त्याच्यावरच. आमटी खाणारं पोर यात कुठेच येत नाही.

माझी नजर तिथून हलली ती खानदेशच्या कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे धाव घेतली. भाव असे चढले की कापसाचं वजन म्हणजे रोकड झाली. मग रात्री कापसावर पाणी मारायचं, सरकी आणि माती तशीच ठेवायची, लांब धाग्यात आखूड धागा मिसळायचा. शेतकरी, वखारवाला, दलाल, गाठी बांधणारा, प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं. मुंबई सरकारने १८२९ मध्येच याविरुद्ध नियम केला होता. १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीसाठी वेगळा कायदा आणला, तपासनीस नेमले. पण कापूस भिजतो खानदेशातल्या अंधारात आणि गाठ उघडते कित्येक महिन्यांनी समुद्रापलीकडे. तिथे ज्याच्या हातात ओली, मातकट गाठ आली, त्याला ती कोणाच्या वखारीतली हे कसं कळणार?

मग त्याने शितावरून भाताची परीक्षा केली. पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला व्यापारात सरसकट 'सुरत' म्हणत. आखूड धाग्यामुळे त्याची किंमत मुळातच कमी होती, हे खरं. पण भेसळीने ते नावच बदनाम झालं. १८६३ मध्ये इंग्लंडात एका बीअर गाळणाऱ्या कंपनीने आपल्याला 'सुरत' म्हटलं म्हणून दुसऱ्या बीअरवाल्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. कापसाचं नाव दारूच्या धंद्यातली शिवी झालं होतं. पाणी मारणारे बहुतेक जण सापडले नाहीत, त्यांनी पैसे मोजून घेतले आणि कदाचित सुखाने म्हातारेही झाले. ज्याने कोरडा, निवडलेला कापूस बांधला त्यालाही मात्र 'सुरत'चाच भाव मिळाला. त्याला आपलं काय हिरावलं गेलं हेही उमगलं नसेल. भाव पडला, एवढंच तो म्हणाला असेल.

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली: खरा आणि खोटा माल ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सगळ्याच मालाला सरासरी भाव देतं आणि खरा माल हळूहळू बाजारातून निघून जातो. त्याला २००१चं नोबेल मिळालं. त्या छोट्याशा लेखात तो भारतीय गृहिणीचंही उदाहरण देतो, बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, दिसायला तांदळासारखेच खडे वेचत बसलेल्या बाईचं. ते वाचताना मला ओसरीवर सूप घेऊन बसलेली आजी दिसली. आयुष्यातल्या किती दुपारी तिने धान्य निवडण्यात घालवल्या! आम्ही त्याला घरकाम म्हणायचो. एका अनोळखी माणसाने पोत्यात टाकलेल्या मूठभर खड्यांचा तो दंड होता आणि ती बाई तो रोज भरत होती.

इथे मला माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे. दहावीच्या परीक्षेत बीजगणिताच्या पेपराला माझ्याकडे चिठ्ठी होती. वर्गसमीकरणांची दोन गणितं मी तिच्यावरून उतरवली. कोणी पाहिलं नाही, आजवर कोणाला सांगितलंही नाही. गुणांच्या जोरावर मला हव्या त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. फलकावर यादी लागली तेव्हा माझं नाव अगदी शेवटी होतं आणि त्याखाली रेघ मारून प्रतीक्षा यादी सुरू होत होती. तिथला पहिला मुलगा कोण, हे मी त्या दिवशी वाचलं होतं. नाव आता आठवत नाही. बरीच वर्षं मला वाटायचं, माझं नुकसान म्हणजे मला वर्गसमीकरणं आली नाहीत, किंवा मनाला थोडी टोचणी लागली. त्या रेघेखालच्या मुलाचा विचार मी कल्हईची रेघ पाहीपर्यंत केला नव्हता. तो कुठे गेला, काय शिकला, शिकला तरी का? आपल्याला दोन गुण कमी पडले असंच त्याला आयुष्यभर वाटत राहणार. आपल्याला कोणी लुटलं हेच माहीत नसेल तर माणूस दोष स्वतःलाच देतो. 'मठ्ठ' आत्याने दिला असेल तसा.

महाराष्ट्रात २०१९-२०च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे देऊन पात्र ठरल्याबद्दल साडेसात हजारांहून अधिक उमेदवार २०२२ मध्ये अपात्र ठरवले गेले. बातम्या आल्या त्या त्यांच्या. पण जे प्रामाणिकपणे नापास झाले, त्यातल्या कितीजणांनी त्या वर्षी 'आपल्याला जमणार नाही' म्हणून शिक्षक व्हायचा नाद सोडला असेल? ती यादी कोणत्याच कार्यालयात लागणार नाही.

हे लिहिताना मला कल्हईवाल्यावर राग धरवत नाही. शिसं त्यानेच मिसळलं की त्याला कांडी विकणाऱ्याने, हेही मला माहीत नाही. कदाचित तोही फसलेलाच असेल, दिवसभर त्याच धुरात बसून. सोन्यावर आता हॉलमार्क असतो, दुकानातल्या वजनांवर मुद्रा असते आणि वैधमापन निरीक्षक ती तपासतो. कल्हई नीट नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात विक्रीचं अन्न ठेवायला १९५५च्या अन्नभेसळ नियमांनी बंदी केली होती. या सगळ्याची गरज आहे आणि ते आणखी कडक असायला हवं. पण गल्लीतल्या भात्यापाशी कोण निरीक्षक पोहोचणार होता? तिथे फक्त त्याचा हात होता आणि आमचा त्याच्यावरचा विश्वास.

सोनगीरच्या दुकानात तांबट भाव सांगत होता. शिशामुळे थोडी जास्त घट धरावी लागेल, म्हणाला. आईने विचारलं, "वितळवल्यावर ते शिसं कुठे जातं?"

"काही जळस, काही पितळमाच ऱ्हास."

"म्हणजे नव्या भांड्यात?"

तो हसला नाही, हो म्हणाला. आईने पातेलं काट्यावरून उचललं. दोन-अडीच हजार रुपयांचा माल होता आणि त्या महिन्यात आम्हाला पैशांची गरजही होती. तिने त्याच्याकडून तो रेघ उमटलेला कागद मागून घेतला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: आत शिसं आहे, यात अन्न शिजवू नये. घडी करून तो पातेल्यात ठेवला आणि वर पदराने झाकल्यासारखं करत ती बसस्टॉपकडे चालू लागली. आता ते पातेलं आमच्या माळ्यावर आहे. बाहेरच्या बाजूला ठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव आहे, लग्नाचं साल आहे, आहेर देणाऱ्या मामांचं नाव आहे, आणि आत तो कागद आहे.