शास्त्राभ्यासात हसावे काय?

पुष्कळ मंडळ्यांतून आठवड्यातील एका संध्याकाळी शास्त्राभ्यासाचा वर्ग भरतो. दिवसभराची कामे उरकून, गुरांना वैरण घालून, लोक मंदिरात किंवा कोणाच्या तरी ओसरीवर जमतात. एक उतारा वाचला जातो, प्रश्न निघतात, आणि केव्हा केव्हा कोणी असे काही बोलून जातो की सारा वर्ग हसू लागतो. ते हसू रस्त्यापर्यंत ऐकू जाते. मग दुसऱ्या दिवशी कोणी वडील मनुष्य पाळकास विचारितो, "काल तेथे शास्त्र चालले होते की तमाशा?"

हा प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला तरी तो क्षुल्लक नाही. देवाच्या वचनापुढे मनुष्याने कोणत्या वृत्तीने बसावे, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न होय. भय आणि आनंद ही दोन्ही एका बैठकीत नांदू शकतात काय? ह्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. जेथे लोक मन मोकळे करून बसत नाहीत तेथे ते प्रश्न विचारीत नाहीत. आणि जेथे कोणी प्रश्न विचारीत नाही तेथे बहुधा कोणी शिकतही नाही.

प्रथम आक्षेप घेणाऱ्यांची बाजू नीट ऐकून घेऊ. उपदेशकाच्या ग्रंथात मूर्खाच्या हास्याला भांड्याखाली जळणाऱ्या काट्यांची उपमा दिली आहे. त्यांचा आवाज पुष्कळ, पण त्यांवर अन्न काही शिजत नाही. इफिसकरांस लिहिताना पौलाने अमंगळ व टवाळ भाषण ख्रिस्ती लोकांस शोभत नाही असे सांगितले आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात उपदेश करिताना जॉन क्रिसोस्तम ह्यांनी आपल्या श्रोत्यांस आठवण दिली की, प्रभू रडल्याचे शुभवर्तमानांत आढळते, पण तो हसल्याचे कोठे आढळत नाही. त्यांचा रोख मर्यादा सोडलेल्या हास्यावर होता हे खरे; तरी त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे.

शिवाय आपल्या लोकांच्या आदरामागे एक इतिहास आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांस धर्मग्रंथ वाचण्याचीच नव्हे, तर तो कानांनी ऐकण्याचीही बंदी होती. १८११ साली बंगालातील सेरामपूर येथून मराठी नवा करार छापून निघाला, आणि पुढे हळूहळू देवाचे वचन आपल्या भाषेत गावोगावी पोहोचू लागले. ज्यांना अक्षरापासून दूर ठेविले होते त्यांच्या हाती हे पुस्तक आले, तेव्हा त्यांनी ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून घरातील उंच जागी ठेविले. अशा घरातल्या वृद्धास पुस्तक उघडे असताना हशा ऐकून वाईट वाटले तर त्याला आम्ही जुनाट म्हणणार नाही. त्याने त्या पुस्तकाची किंमत ओळखली आहे.

परंतु ते पुस्तक उघडून पाहावे तर त्यात हसू नाही असे कोण म्हणेल? अब्राहामाला म्हातारपणी पुत्राचे वचन मिळाले तेव्हा तो उपडा पडला आणि हसला. डोके जमिनीला टेकलेले, आणि मनात हसू! सारा तंबूच्या दाराआड हसली, आणि विचारल्यावर भिऊन नाही म्हणाली. देवाने तिला सांगितले की तू हसलीस खरी. पण त्या हसण्याबद्दल त्याने आपले वचन मागे घेतले नाही. उलट जन्मलेल्या मुलाचे नाव इसहाक ठेवावे असे ठरले, आणि त्या नावाचा अर्थच हसण्याशी जोडलेला आहे. ज्याच्या वंशातून तारणारा यावयाचा होता त्याच्या नावातच देवाने हे हसू ठेवून दिले.

योनाचे पुस्तक घ्या. पाण्यातला मासा आज्ञा मानतो, मूर्तिपूजक खलाशी प्रार्थना करितात, निनवेची गुरेढोरेसुद्धा गोणपाट नेसतात. आणि देवाचा संदेष्टा तेवढा एका वेलीसाठी रुसून उन्हात बसतो! यहूदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे आपल्या अत्यंत गंभीर उपवासाच्या दिवशी, दुपारी हेच पुस्तक वाचतात. प्रेषितांच्या कृत्यांत मार्काच्या आईच्या घरी मंडळी पेत्राच्या सुटकेसाठी प्रार्थना करीत आहे. पेत्र सुटून दारात येतो, रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरते, आणि आत बातमी सांगते तेव्हा प्रार्थना करणारे तिलाच वेडी ठरवितात. ही गोष्ट ऐकून ज्या प्रार्थनासभेला स्वतःचे हसू येत नाही, तिने ती गोष्ट ऐकलीच नाही असे आम्हांस वाटते. आणि प्रभूने परूशांविषयी जे म्हटले, की ते चिलट गाळून काढतात आणि उंट गिळतात, ते गावातल्या श्रोत्यांपुढे नीट सांगून पाहा. गळ्यातून उंट उतरताना डोळ्यांपुढे आला की हसू येणारच. तेथे हसू येणे म्हणजे अर्थ पोहोचल्याची खूण आहे.

आपल्या महाराष्ट्रातील श्रोत्याला हे नवे नाही. कीर्तनकार हसवितो, आणि श्रोते हसत असतानाच मुख्य गोष्ट त्यांच्या हृदयात उतरवितो. हसणारा मनुष्य दार उघडे ठेवून बसलेला असतो.

तर मग हसावे काय, ह्यापेक्षा कोणते हसू, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. दोन वर्गांची हकीकत सांगतो.

एका वर्गात पेरणाऱ्याचा दाखला चालला होता. एका वृद्ध शेतकऱ्याने हात वर करून म्हटले, "पाळकसाहेब, राग मानू नका, पण ह्या माणसाने कधी शेत केले होते काय? आमची म्हातारी चाड्यावर मूठ धरते तेव्हा तासाबाहेर एक दाणा जाऊ देत नाही. हा तर वाटेवर टाकतो, खडकावर टाकतो, काट्यांत टाकतो! बियाण्याचा भाव तरी ठाऊक होता काय त्याला?" सर्व वर्ग पोट धरून हसला, आणि बोलणाराही हसला. पाळकाने समजावून सांगितले की त्या देशात पाभरीने पेरीत नसत, मुठीने बी फोकीत असत, म्हणून काही दाणे इकडे तिकडे जाणारच. तरी शेतकऱ्याचे समाधान होईना. तेव्हा मागे बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "बाबा, हिशेबाने पेरले असते तर गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीवर ते कोणी टाकले असते?"

ह्यानंतर त्या वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. ती बाई कोणत्याही धर्मविद्यालयात गेलेली नव्हती. त्या दाखल्यातील पेरणाऱ्याचा उदारपणा तिने ज्या शब्दांत सांगितला तसा तो मोठ्या टीकाग्रंथांतही आम्ही वाचलेला नाही. पण शेतकऱ्याने आधी सर्वांस हसविले नसते तर ती बोलली असती काय? त्या हशाने सर्वांस एका चटईवर आणून बसविले, आणि तिची जीभ मोकळी झाली.

दुसऱ्या एका गावच्या वर्गात पाळीपाळीने एकेक वचन वाचण्याची रीत होती. प्रौढपणी अक्षरओळख झालेली एक बहीण बोटाने ओळ धरून वाचीत असे. तिच्या तोंडी पाणी शब्दाचा उच्चार "पानी" असा होई. एके दिवशी शहरात शिकून आलेल्या एका तरुणाने शेजाऱ्याकडे पाहून नाकातल्या नाकात हसून घेतले. आवाज फारसा झाला नाही. रस्त्यापर्यंत तर काहीच गेला नाही, आणि कोणा वडिलाने दुसऱ्या दिवशी तक्रारही केली नाही. परंतु त्या बहिणीने ते पाहिले. पुढच्या आठवड्यात तिने पाळी आल्यावर पुस्तक शेजारणीकडे सरकविले. त्यापुढे ती दारापाशी बसू लागली. आणि मग म्हैस व्याली आहे, घरी पाहुणे आहेत, असे निरोप येऊ लागले. ज्या पुस्तकासाठी तिने पिकल्या वयात पाटी हाती धरिली होती, ते एका हसण्याने तिच्या हातून काढून घेतले.

शास्ते ह्या ग्रंथात सांगितले आहे की गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार अडविले, आणि येणाऱ्या प्रत्येकास शिब्बोलेथ हा शब्द म्हणावयास लाविले. एफ्राइमी लोकांच्या तोंडून तो सिब्बोलेथ असा निघे. तेवढ्यावरून त्यांस ओळखून मारिले, आणि त्या वेळी बेचाळीस हजार पडले. मारणारे व मरणारे दोघेही इस्राएलच होते. "पाणी" आणि "पानी" ह्यांच्या मध्ये उभे राहून हसणाऱ्याने आपण कोणत्या उतारावर पहारा करीत आहो ह्याचा विचार करावा. जे आपल्या पूर्वजांस जन्मावरून बाहेर ठेवीत त्यांचा आपण निषेध करितो. मग आपणच उच्चारावरून कोणास बाहेर ठेविले तर आपली सुटका कशातून झाली?

म्हणून मोठ्याने हसणे पाप आणि हळू हसणे सभ्यपणा, अशी वाटणी करणे धोक्याचे आहे. पारख दुसरीच पाहिजे. हसून झाल्यावर तोंडे उघडतात की मिटतात? ज्याच्या बोलण्यावर हसलो तोही आपल्याबरोबर हसत आहे काय? आणि ते हसू आपणांस वचनाकडे परत आणिते की त्यापासून दूर नेते? ज्या वर्गात विनोदामागून विनोद निघतात आणि उतारा तसाच पडून राहतो, तेथे वडिलांची तक्रार रास्त आहे. ते खरोखर चुलीतले काटे होत. तसेच प्रत्येक उतारा सारखा नाही. प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचताना विनोदाला जागा नाही. तेथे हसणारे आहेत, पण ते काट्यांचा मुगूट घालून गुडघे टेकणारे शिपाई आहेत.

स्वतः प्रभूनेही हसणाऱ्यांस एकदा घराबाहेर काढिले होते. याईराच्या घरी, मुलगी मेली नाही, झोपी गेली आहे, असे तो म्हणाला तेव्हा लोक त्याला हसले. त्याने त्या सर्वांस बाहेर घालविले, आणि आईबापांस व आपल्या सोबत्यांस घेऊन तो मुलगी होती तेथे गेला. त्याने बाहेर काढिला तो उपहास होता. बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागली आणि तिला खावयास द्या असे त्याने सांगितले, तेव्हा त्या खोलीत कोणाचे तोंड सुतकी राहिले असेल असे आम्हांस वाटत नाही.

शास्त्राभ्यासाच्या वर्गाचे जुने आणि स्पष्ट चित्र नहेम्याच्या ग्रंथात आहे. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पाणीवेशीपुढील चौकात स्त्रीपुरुष जमले. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून उजाडल्यापासून दोन प्रहरपर्यंत वाचीत होता, आणि लेवी लोकांस अर्थ समजावून देत होते. लोक रडू लागले. तेव्हा त्यांस सांगण्यात आले की रडू नका. घरी जा, खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांस वाटा पाठवा. मग लोकांनी मोठा आनंद केला, कारण वाचलेले त्यांस समजले होते. येथे भय आणि आनंद एकाच दिवशी, एकाच चौकात आहेत. आणि आनंदाच्या आज्ञेतच रिकाम्या घरी वाटा पाठविण्याची आज्ञा आहे. ज्या आनंदाचा वाटा चौकातल्या सर्वांत गरिबापर्यंत पोहोचत नाही तो त्या दिवसाचा आनंद नव्हे. आमच्या मते वर्गातील हसण्याला हाच नियम लागू आहे.

ह्या कामी शिक्षकाने पुढे झाले पाहिजे. जो स्वतःवर हसू शकतो त्याच्या वर्गात दुर्बळावर हसण्याची कोणास हिंमत होत नाही. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्या कोणत्याही शाळेच्या पंडिता नव्हत्या. परंतु आपल्याच भोळेपणावर इतक्या मोकळ्या मनाने हसणारी दुसरी लेखणी मराठीत विरळा, आणि तिच्यात दुसऱ्याला खाली पाडणारे हसू शोधावे लागते. आपल्या मंडळ्यांनी हा वारसा राखावा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून हा विषय संपवितो. पाळीपाळीने वाचण्याची रीत असेल तर ज्यास वाचता येत नाही त्याला ऐकलेली गोष्ट आपल्या बोलीत सांगण्याची पाळी द्यावी, आणि ती पहिली द्यावी. आणि हशाची तक्रार घेऊन येणाऱ्या वडिलांस आमची नम्र विनंती आहे की त्यांनी पुढील आठवड्यात रस्त्यावर न थांबता आत यावे, बसावे, आणि हजेरी पाहावी. जो पूर्वी येत होता आणि आता येत नाही असा कोणी आढळला, तर त्याच्या घरी जाऊन कारण विचारावे. म्हैस व्याली आहे असे उत्तर मिळाले तरी तेथून लगेच उठू नये.