निरपराध्याला काय म्हणावे?

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या वाटेवर काटेवाडीस येते, तेव्हा परीट समाजाचे लोक तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात. त्या शुभ्र वस्त्रावर पूर्वी कोणता डाग होता, हे कोणी विचारीत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण इतके उदार नसतो.

लैंगिक अपराधाचा आरोप झालेला मनुष्य न्यायालयातून घरी परततो. निकालात ‘निर्दोष मुक्तता’ असे शब्द असतात. गाव म्हणते, ‘सुटला’. या एका शब्दात अपराध गृहीतच धरलेला असतो. ‘निष्कलंक’ म्हणावे, तर त्यातही कलंकाची आठवण उरतेच.

या संदर्भात आणखी एका निरपराध व्यक्तीचा आपणांस विसर पडतो. जिच्यावर अत्याचार झाला, ती. अपराध दुसऱ्याचा, ‘अब्रू गेली’ हे शब्द मात्र तिच्या वाट्याला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्यावर शेरे मारले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. देशभर निषेध झाला आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे तेव्हापासून गुन्हा ठरले.

मग एकाला निर्दोष मानले, की दुसरीला खोटी मानावे लागते काय? मुळीच नाही. पुरावा अपुरा पडणे निराळे आणि तक्रार खोटी असणे निराळे.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्ना दोन वडीलधाऱ्यांच्या धमकीला बधली नाही, म्हणून त्यांनी तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतला. ते मान्यवर होते. लोकांनी लगेच विश्वास ठेवला. दानिएलने दोघांना वेगवेगळे करून, तिला कोणत्या झाडाखाली पाहिले, एवढेच विचारले. उत्तरे जुळली नाहीत. तिचे प्राण वाचले ते कोणीतरी थांबून चौकशी केली म्हणून.

आम्हांस वाटते, निरपराध्यासाठी नवा शब्द शोधण्याची गरज नाही. कालपर्यंत ज्यांना आपण मास्तर, काका, ताई म्हणत होतो, त्यांना उद्या मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर त्याच नावाने हाक मारावी. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा कुजबुजीलाही लागू आहे.